विमान भरल्यावर सुटेल

पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्याच्या भूमीवर घडलेली सर्वांत थोर घटना म्हणजे भागीरथी एअरवेजच्या औरंगाबाद–मुंबई विमानाचं पहिलं उड्डाण. हे माझं मत नव्हे. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलं होतं. पत्रिका मखमली होती, वर गणपती होता आणि मजकूर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असा सुरू होत होता. उड्डाणाची वेळ 'गोरज मुहूर्तावर' अशी दिली होती. छापखान्याला लग्नपत्रिकांचीच सवय असावी, कारण खालच्या कोपऱ्यात फुलांच्या महिरपीत दोन ओळी होत्या : 'आमच्या आबांच्या विमानाला नक्की यायचं हं! – पिंकी, गोट्या.'

पिंकी आणि गोट्या यांना मी ओळखत नव्हतो. पत्रिका अन्वरने पाठवली होती. अन्वर माझा पुण्यातल्या वसतिगृहातला मित्र, औरंगाबादेत शहागंजला त्याचं कापडाचं दुकान. पत्रिकेबरोबर त्याने विमानाचं तिकीटही पाठवलं होतं आणि लिहिलं होतं, 'कोकण्या, ये. असं परत होणार नाही.' खाजगी विमान कंपन्यांना नुकतीच परवानगी मिळाली होती आणि वर्तमानपत्रांत रोज कुणाच्या तरी भरारीचं कौतुक चालू होतं. एक भरारी समक्ष पाहावी म्हणून मी देवरुखहून निघालो. देवरुख ते औरंगाबाद हा प्रवास कसा झाला ते सांगत नाही. झाला.

शहागंज

अन्वरने मला घड्याळाच्या मनोऱ्याजवळून थेट घरी नेलं आणि जेवायला बसवलं. नान-खलिया होता. पिवळाधमक, गादीसारखा मऊ नान आणि वर तेलाचा लाल तवंग असलेला रस्सा. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा विचारतात, मुक्काम किती दिवस? इथे विचारतात, नान अजून किती? दोन्ही प्रश्नांचा हेतू पाहुण्याची काळजी हाच आहे, पण दुसऱ्याने पोट भरतं.

जेवून दुकानात गेलो. दुकानाची पुढची बाजू अन्वरने विमान कंपनीला भाड्याने दिली होती. सुटिंग-शर्टिंगच्या ताग्यांसमोर एक काउंटर, त्यावर प्लॅस्टिकचं विमान, आणि विमानामागे टाय लावलेले बाबूभाई. बाबूभाई कंपनीचे स्टेशन मॅनेजर. त्याआधी वीसेक वर्षं ते याच चौकात काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांसाठी 'फुलंब्री, फुलंब्री, पिशोर!' असं ओरडत उभे असत. आवाज तोच होता. टाय तेवढा नवा होता आणि बोलताना तो गळ्याला काचायचा.

मी विचारलं, "विमान वेळेवर सुटेल ना?"

"अरे साब, तुम्ही बसा तर. सुटतंयच."

उड्डाण परवा होतं.

"बुकिंग किती झालं?" अन्वरने विचारलं.

बाबूभाईंनी टाय सैल केला. "पाहायला येणारे लई आहेत अन्वरभाई. गंगापूरचे येतायत, सिल्लोडचे येतायत, ट्रॅक्टरा भरून येतायत. बसायला कोन तयार नाय. परवा एक चाचा आले, सगळी चौकशी केली, म्हणाले, पहिलं जाऊ द्या. परत आलं तर दुसऱ्यात बसतो."

फुलंब्रीमार्गे पिशोर

विमानाचे मालक रंगनाथशेठ पिशोरला राहतात. पिशोर कन्नड तालुक्यातलं मोठं, बाजारपेठेचं गाव. आम्ही त्याच दिवशी फुलंब्रीपर्यंत एस.टी.ने गेलो. स्टँडबाहेर शेठच्याच जीपगाड्या उभ्या होत्या. एकीत माणसं खच्चून भरली होती. एक पाय बाहेर टांगून बसण्यापुरती जागा उरली होती आणि क्लीनर ओरडत होता, "चला एक सीट, एक सीट!" मी धावत जाऊन ती जागा पकडली. कोकणातल्या माणसाला जागा पकडल्याचं फार समाधान असतं.

मग माझ्या शेजारचा माणूस पान खायला उतरला. त्याच्या समोरचा विडी ओढायला गेला. मागचे तिघे उतरले आणि पिंपळाखाली जाऊन बसले. बघता बघता जीपमध्ये मी, मागून येऊन बसलेला अन्वर आणि कोंबडी घेतलेली एक बाई एवढेच उरलो.

अन्वर हसून लोळायचा बाकी होता. "भरतीची माणसं आहेत रे ती! शेठच्याच दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर. रिकाम्या जीपमध्ये कोण बसतंय? भरलेली दिसली की तुझ्यासारखा धावत येतो. खरा पॅसेंजर बसला की एकेक भरतीचा उतरतो."

"ही फसवणूक झाली."

"कसली फसवणूक? तुला जागा मिळाली का नाही?"

मिळाली होती. जीप भरेपर्यंत मी तिच्यावर बसून होतो.

रंगनाथशेठ अंगणातच भेटले. साठीचा, काळा, रुंद माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पायात विमान कंपनीच्या मालकाला शोभावेत म्हणून आणलेले चकचकीत बूट, जे त्यांनी आम्ही बसताच काढून ठेवले. ताटं आली : बाजरीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. आमटीने माझे डोळे भरून आले. ते शेठला माझ्या भावना वाटल्या आणि त्यांनी अजून वाढायला सांगितलं.

त्यांची कारकीर्द त्यांनी जेवता जेवता सांगितली. आधी बैलगाडी, बाजारच्या दिवशी कन्नडला माणसं न्यायची. मग एक जुनी जीप. मग जीपगाड्यांची रांग. मग रात्रीच्या मुंबई-पुण्याच्या लक्झरी बस. "आता ह्ये," असं म्हणून त्यांनी भाकरीच्या तुकड्याने आकाशाकडे खूण केली.

"शेठ, यशाचं रहस्य काय?" मी विचारलं. असले प्रश्न विचारू नयेत हे मला माहीत आहे, पण लेख लिहायचा असला की तोंडून जातात.

"गाडी भरल्याबिगर चाक हालवायचं नाय," शेठ म्हणाले. "बैलगाडी आसू नाय तर लक्झरी. रिकामी सीट घिऊन गाडी गावातून गेली की गाव बघतं. म्हनतं, ह्याच्या गाडीत कोन बसत नाय, कायतरी खोड आसंल. येकदा का लोकांनी आसं म्हनलं, का संपला मानूस."

"पण विमानं तर अर्धी रिकामी असली तरी वेळेवर सुटतात."

"म्हनून तर त्या कंपन्या बुडतात, गुर्जी." लिहिणारा माणूस म्हणून त्यांनी मला गुर्जी केलं होतं.

अडचण अशी होती की शेठनी या तत्त्वापायी पहिलं उड्डाण याआधी दोनदा पुढे ढकललं होतं. विमान उभं, वैमानिक उभा, पण सीटा रिकाम्या, म्हणून शेठनी ते सोडलंच नाही. आता दिल्लीहून अधिकारी येणार होते. त्यांनी कळवलं होतं की परवा दिवस मावळायच्या आत विमान माणसं घेऊन उडालं पाहिजे. मावळल्यावर हे छोटं विमान सोडायची परवानगी नाही. आणि नाही उडालं तर कंपनीचा परवाना तिथेच रद्द.

"मग जेवढी माणसं असतील तेवढी घेऊन सोडा की," मी म्हणालो.

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना लग्नाच्या पंगतीतून अर्ध्या ताटावरून उठायला सांगितलं होतं.

"सगळा तालुका येनार हाय बघायला. सगळ्यांदेखत रिकामं सोडू? त्यापरीस परवाना गेलेला बरा." भाकरी चुरत ते म्हणाले, "पर परवाना बी जाया नाय पायजे. झोप येत नाय, गुर्जी."

तेवढ्यात त्यांच्या आई भागीरथीबाई बाहेर आल्या. विमान कंपनीला त्यांचंच नाव होतं. मी विचारलं, "आजी, तुम्ही बसणार ना पहिल्या विमानात?"

"म्या?" त्या म्हणाल्या. "म्या ह्याच्या जीपमंदी बी कधी बसले नाय. पाशिंजरची जागा कशाला आडवायची?"

पंचाहत्तरीच्या पुढच्या त्या बाई कन्नडच्या बाजाराला अजून एस.टी.ने जात होत्या.

चिकलठाणा

गोरज मुहूर्ताच्या पुष्कळ आधी विमानतळाच्या बाहेर जत्रा भरली होती. ट्रॅक्टर, टेम्पो, उसाचा रस, फुगे. बँडवाले लग्नातली गाणी वाजवत होते. त्यांना दुसरी येत नव्हती. त्या काळातही सुरक्षेचे नियम होते, पण ओळखी नियमांपेक्षा जुन्या होत्या. त्यामुळे शेठचा सगळा गोतावळा आतल्या बाजूला विमानापर्यंत पोचला होता. चहाचं एक मोठं पातेलंही पोचलं होतं.

विमान छोटं होतं, दोन पंख्यांचं, मिनीबसला पंख फुटावेत तसं. शेपटीवर 'आईची पुण्याई' असं लिहिलं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली होती. कोणीतरी पंख्यावर नारळ फोडायला निघाला तेव्हा कॅप्टन आडवे आले. कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले शीख गृहस्थ होते. "नारियल मुझे दे दो," ते म्हणाले, "मेरे सर पे फोड़ लो, पंखे पे नहीं." शेवटी नारळ शिडीच्या पायरीवर फुटला.

शेठचे पंधराएक ड्रायव्हर मानवंदनेसाठी आले होते. सगळ्यांच्या अंगावर एकाच करड्या कापडाचे नवे सफारी सूट. कापड अन्वरचं. "एकाच ताग्यातून निघाले सगळे," तो अभिमानाने म्हणाला. "ताग्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतं."

तिकीटवाले आम्ही मोजकेच होतो. अन्वर, मी, पैठणीचा एक व्यापारी आणि त्याची बायको, वाळूजच्या कारखान्यातले एक इंजिनियर आणि मुलाकडे निघालेले एक पेन्शनर. आम्हाला आत बसवलं. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या. शेठ दारातून डोकावले, रिकाम्या सीटांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बाबूभाईंना म्हणाले, "गाडी काढ. शहागंजला जा. भरून आन."

बाबूभाई टाय खिशात घालून गेले.

विमान उन्हात उभं. आत भट्टी. पैठणीवाल्यांची बायको म्हणाली, "अहो, उतरा. असं शिजून मुंबईला कशाला जायचं?" आम्ही सगळे उतरलो आणि पातेल्यापाशी जाऊन उभे राहिलो. काळी-पिवळीत बसलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. गाडी भरेपर्यंत उतरून चहा घ्यायचा असतो.

दिल्लीचे अधिकारी सूर्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहत होते. "सेठजी, देर क्या है?"

"बस साब, पॅसेंजर आ रहेले."

शेठच्या कपाळावरून घाम बुटांवर पडत होता. ते आईजवळ गेले. भागीरथीबाई सावलीत पोत्यावर बसल्या होत्या. "आई, तू तरी बस की. येक सीट भरंल."

"नगं बाबा. ऐनवेळी पाशिंजर आला म्हंजी?"

पॅसेंजर आले. बाबूभाईंच्या जीपमधून शहागंजची चारपाच माणसं उतरली. त्यांतला एक जण स्टीलच्या भांड्यांचं गाठोडं घेऊन आला होता. त्याने आधीच स्पष्ट केलं, "मला वैजापूरला उतरायचंय."

"उतरवू," बाबूभाई म्हणाले.

"विमान वैजापूरला थांबत नाही," इंजिनियर म्हणाले.

"स्लो करतील," बाबूभाई म्हणाले.

पण ही माणसं विमानापाशी गेली, आत डोकावली आणि परत फिरली. "पुरं रिकामं हाय," भांडीवाला म्हणाला. "हे कधी भरायचं नि कधी सुटायचं? तवर मी एस.टी.नं घरी जाऊन जेवतो."

सूर्य शहराजवळच्या सातारा डोंगराच्या वर हातभर उरला होता. शेठनी ड्रायव्हरांकडे पाहिलं. नुसती मान हलवली, जशी आयुष्यभर हलवत आले होते. करडे सफारी सूट एकामागून एक शिडी चढले आणि सीटांवर जाऊन बसले. शेवटची जागा उरली तिथे बाबूभाई स्वतः बसले. विमान खच्चून भरलं. खिडक्याखिडक्यांत मिशा दिसायला लागल्या.

परिणाम ताबडतोब झाला. भांडीवाल्याने गाठोडं उचललं. "अरे भरलं की!" असं म्हणून तो धावत सुटला आणि त्याच्यामागून सगळं शहागंज. आम्हीही चहा टाकून निघालो. आता भरतीची माणसं उतरणार, आम्ही बसणार, हे मला फुलंब्रीच्या अनुभवावरून नीट माहीत होतं.

दिल्लीच्या साहेबांना फुलंब्रीचा अनुभव नव्हता. ते शिडीवर चढले, आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा दिवसात प्रथमच खुलला. "फुल! बहुत बढ़िया! ये ग्रुप बुकिंग है क्या?" आतून कोणीतरी "हौ साब" म्हणालं. साहेब उतरले, शिडी काढायला लावली, दार लावायला लावलं आणि कॅप्टनना अंगठा दाखवला. कॅप्टन दुपारपासून वाटच पाहत होते. पंखे फिरायला लागले. एका खिडकीत बाबूभाईंचा चेहरा काचेला चिकटलेला दिसला. ते काहीतरी ओरडत होते. वीस वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोणाला ऐकू आला नाही.

आम्ही तिकिटं हलवत धावत होतो. भांडी वाजत होती. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं आणि शेठना विचारलं, "ये कौन लोग हैं?"

शेठनी आमच्याकडे पाहिलं. मग भरलेल्या खिडक्यांकडे. मग डोंगरावर टेकत आलेल्या सूर्याकडे, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या अख्ख्या तालुक्याकडे. हे पॅसेंजर आणि आतले माझे ड्रायव्हर असं म्हटलं असतं, तर विमान थांबलं असतं, माणसं उतरली असती, दिवस मावळला असता, आणि परवाना गेला असता तो खोट्या पॅसेंजरांच्या डागासकट.

"छोडने कू आयेले हैं, साब," शेठ म्हणाले.

आम्ही थांबलो. का थांबलो ते सांगता येत नाही. अन्वरने सगळ्यांत आधी तिकीट खिशात घातलं आणि हात वर करून हलवायला सुरुवात केली. मग पैठणीवाल्यांनी, मग इंजिनियरांनी. पेन्शनरांनी रुमाल काढला. सोडायला आलेली माणसं जे करतात ते आम्ही केलं. लिंबं चिरडली गेली, विमान धावलं, उचललं आणि सूर्याची कड दिसत असतानाच पश्चिमेला वळलं. कुंपणापलीकडून जो आवाज उठला तसा मी पुन्हा ऐकलेला नाही. बँडने वरातीचं गाणं घेतलं.

"मी वैजापूरचं सांगितलं होतं त्यांना," भांडीवाला म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

साहेबांनी शेठचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पहिल्याच उड्डाणाला एकही सीट रिकामी नाही, असं त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. ते गेल्यावर शेठ आईशेजारी पोत्यावर बसले, बूट काढले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

"भरून गेलं नं?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"व्हय."

"मंग रडतु कशाला?"

"तिकिटवाली समदी मागं राह्यली गं."

म्हातारीने आमच्याकडे एकदा पाहून घेतलं. "त्येनला रातच्या लक्झरीत बशीव," ती म्हणाली. "फुकाट नगं नेऊ. सवय लागती."

शेठनी फुकटच नेलं. ती लक्झरी कधी सुटली ते मला नंतर कळलं आणि ती भरून सुटली हे सांगायची गरज नाही. मी काही गेलो नाही. अन्वरकडे अजून नान शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप घ्यावा म्हणून आम्ही पुन्हा पिशोरला निघालो आणि फुलंब्रीपर्यंत पोचलो. स्टँडबाहेर शेठच्या सगळ्या जीपगाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या गच्च भरलेल्या. कोंबड्या, पोती, टपावर माणसं. ही सगळी खरी माणसं होती, मी विचारून खात्री केली. सकाळपासून बसून होती आणि एकही जीप हलली नव्हती, कारण चालवणारे मुंबईत होते. अन्वरने कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिकडे बाबूभाई होते. त्यांनी कळवलं की कॅप्टन तयार आहेत, हवा चांगली आहे, विमानात काही बिघाड नाही, पण सहा ड्रायव्हर पुन्हा विमानात चढायला तयार नाहीत, आणि सहा सीटा रिकाम्या आहेत.